डाव्या चाकाची कबुली

मी एक जुनी मोटार आहे, मित्रांनो. रंग निळा, वय तुमच्या ताईदादांहून जास्त. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्या काचेत बघून लोक केस नीट करायचे. आता रंगाचे पोपडे निघालेत आणि मागचं दार दणका दिल्याशिवाय लागत नाही. त्याचं मला काही वाटत नाही. पण माझ्यामुळे एका भल्या माणसावर आळ आला, ते मात्र मला अजून खातं.

माझे मालक वाद्यं दुरुस्त करतात, त्यांचे सूर लावून देतात. त्यांच्या कानाचा सगळीकडे दबदबा. माझं दुखलंखुपलं बघायचा त्यांचा मेहुणा, मालकीणबाईंचा धाकटा भाऊ. कोपऱ्यावर त्याचं गॅरेज आहे. घरातली लेक त्याला मामा म्हणते, म्हणून माझाही तो मामाच. इतक्या वर्षांत माझ्या अंगाला दुसऱ्या कुणाचा पाना लागलेला नाही.

तर झालं असं, की माझ्या पुढच्या डाव्या चाकातलं बेअरिंग झिजलं. वेग वाढला की घूंऽऽ असा आवाज येऊ लागला. मालक मला गॅरेजात घेऊन गेले आणि उतरायच्या आधीच म्हणाले, "उजवं चाक आहे. बेअरिंग बदल."

"दाजी, चारही चाकं उचलून बघू का आधी?"

"तुला माझ्या कानावर शंका आहे की काय?"

झालं! दाजींना उलट बोलायची मामाला सवयच नाही. बिचाऱ्यानं मान खाली घातली आणि उजवं चाक खोललं.

खरं सांगू? मला तेव्हा बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी कुणी मला घासूनपुसून ग्रीस लावत होतं. उजवीकडचं धडधाकट बेअरिंग भंगारात पडलं, तरी मी आपली ऐटीत उभी! मग मामानं मला गल्लीतून एक चक्कर मारून आणली. गल्लीत वेग तो किती असणार? मी हूं की चूं केलं नाही. "झालं दाजी, एकदम झकास!" मामा खूश होऊन म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी मोठ्या रस्त्यावर मी पुन्हा घुमू लागले.

मालकांचा पारा चढला. "नकली माल घातला त्यानं! घरच्या माणसाला फसवलं!" असं ते घरी म्हणाले, शेजाऱ्यांना म्हणाले, दुकानात येणाऱ्याजाणाऱ्यालाही सांगत सुटले. ते मामाच्या कानावर गेलं. त्यानं घरी यायचंच सोडलं. मालकीणबाई मागच्या सीटवर बसून गुपचूप डोळे पुसायच्या. एकुलता एक भाऊ त्यांचा. आणि मी मेली त्यांना घेऊन घूं घूं करत चालले होते.

लेक नुकतीच गाडी शिकली होती. एकदा ती म्हणाली, "बाबा, उजवीकडे वळलं की आवाज वाढतो, डावीकडे वळलं की कमी होतो. मामा म्हणायचा, वळताना बाहेरच्या चाकावर भार येतो. मग दुखणं डाव्या चाकात नसेल?"

"चार दिवस झाले नाहीत स्टिअरिंग धरून, आणि मला शिकवतेस?"

पोरगी मोठी चिवट. एका सकाळी तिनं मला थेट गॅरेजात नेलं. बाबा शेजारी, तोंड फुगवून. मामा क्षणभर दारातच थबकला. मग त्यानं जॅक लावून माझं डावं चाक उचललं आणि हातानं गरकन फिरवलं. खरखर, खरखर! लेकीला लगेच ऐकू आलं. मालक मात्र आवाज शोधत उजवीकडे बघू लागले. मामानं मालकांकडे पाहिलं. आधी त्याच्या चेहऱ्यावर राग होता. मग तो हळूच ओसरला.

"दाजी, असेच बसून राहा. डोळे मिटा. उजव्या कानात बोट घाला. मी चाक फिरवतो, काय ऐकू येतं ते सांगा."

मालकांनी डोळे मिटले, कानात बोट घातलं. मामानं चाक फिरवलं. एकदा, दोनदा, तीनदा. उघड्या खिडकीतून हातभर अंतरावर मी जीव तोडून खरखरत होते.

"अरे, फिरव की लवकर!" मालक ओरडले. "किती वेळ ताटकळत ठेवतोस?"

मालकांनी डोळे उघडले. चाक अजून फिरतच होतं. त्यांनी कानातलं बोट काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. तोंडावरचा रंगच उडाला त्यांच्या. ज्या कानावर सारं आयुष्य काढलं, त्यातला डावा केव्हाच निकामी झाला होता. म्हणून माझा आवाज त्यांना कायम उजवीकडूनच यायचा.

मामानं चाक थांबवलं. "माझंच चुकलं, दाजी. मी तेव्हाच चारही उचलायला हवी होती."

"तू नको रे असं बोलूस," मालक म्हणाले, आणि खाली उतरून त्यांनी मामाचे ग्रीसनं माखलेले हात हातात घेतले.

संध्याकाळपर्यंत डावं बेअरिंग बदलून झालं. दुसऱ्या दिवशी मालक कानाच्या डॉक्टरांकडे गेले. मग ज्याच्या ज्याच्यापाशी मामाची बदनामी केली होती, त्या प्रत्येकाच्या दारात जाऊन म्हणाले, "माझा मेहुणा खरा होता, मी खोटा." प्रत्येक दाराशी त्यांना मीच घेऊन गेले.

मित्रांनो, आवाज कुठून येतो हे नीट बघितल्याशिवाय कुणाला दोष देऊ नका. घरातलं कुणी "काय म्हणालास?" असं सारखं विचारू लागलं, तर हसू नका, त्यांना डॉक्टरांकडे न्या. मालकांना वाचा होती, त्यांनी माफी मागितली. मामा आजही माझं चाक पुसताना म्हणतो, "शहाणी गं माझी गाडी!" आणि मला त्याला एवढंही सांगता येत नाही, की मामा, त्या दिवशी गल्लीत मी गप्प बसले होते.