सहा मिनिटं जास्त

१९९६ साली माझी धाकटी बहीण शिवलीला हिने प्रौढांसाठीच्या एका सिनेमात नर्सचं छोटं काम केलं. आमच्या शहरातल्या एका थिएटरने त्यात दुसऱ्याच बाईची नग्न दृश्यं जोडली. लोकांना ती शिवलीलाच वाटली. तिने घराबाहेर पडणं सोडलं.

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. दुपारच्या खेळाला एकटीच गेले.

मॅनेजर दारातच म्हणाला, "बाई, चुकून आलाय काय? ह्यो तसला पिक्चर हाय."

"तसलाच बघायचाय."

खेळ सुटल्यावर मी त्याच्यासमोर वही धरली. "सेन्सॉरच्या सर्टिफिकेटवर लांबी दोन हजार सातशे मीटर आहे. फिल्म मिनिटाला सत्तावीस मीटर पळते. म्हणजे शंभर मिनिटं. तुमचा पिक्चर मध्यंतर सोडून एकशे सहा मिनिटं चालला."

"तुमचं घड्याळ पुढं पळत असंल की!"

"मग पोलिसांसमोर रिळं मोजू."

तो खाली बसला. "तुकडा काढून टाकतो, ताई. मिटवा."

"काढू नका. पंचनाम्यात तो दिसायला हवा."

खेळ सुटायच्या वेळेला मी बोलावून घेतलेली शिवलीला बाहेर रिक्षात तोंडावर ओढणी घेऊन बसली होती. मी तक्रारीचा कागद पुढे केला. तिने ओढणी खाली केली आणि सही केली.