धर्माजीला भरवणारा चमचा

मी स्टीलचा चमचा बोलतोय. कुठल्याशा कारखान्यात पत्र्यातून ठोकून निघालो आणि अलिबागच्या बाजारातून काशीदला, केसरच्या खानावळीत आलो. मुंबईचे पाहुणे माझ्यानं भात खायचे. केसरचा नवरा धर्माजी मात्र मला कधी शिवला नाही. होडीवरून आला की तो हातानंच भाकरी मोडायचा.

एक दिवस भाकरीचा घास त्याच्या छातीत अडकला. मग मासा अडकू लागला, मग मऊ भातसुद्धा. अलिबागला नळी घालून तपासलं, तर अन्ननलिकेचा कॅन्सर. तेव्हापासून केसर मला पेजेत बुडवून त्याला भरवू लागली.

मुंबईच्या इस्पितळातही मी पिशवीतून सोबत गेलो. आधी केमो झाली, किरणांचे शेक झाले. मग डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसवलं.

"गाठ आलेली अन्ननलिका काढायची आणि जठर वर ओढून जोडायचं. छाती-पोट उघडून करता येतं, नाहीतर बारीक भोकं पाडून दुर्बिणीतून. आतलं काम तेच."

"उघडूनच करा," धर्माजी म्हणाला. "भोकातून सगलं दिसंल कसं?"

"दुर्बिणीतून उलट मोठं दिसतं. बिड्यांनी तुमची फुफ्फुसं थकली आहेत. मोठी जखम दुखते, नीट खोकता येत नाही, न्यूमोनिया होतो. भोकांनी तो धोका कमी. मात्र आजार परत येण्याची भीती दोन्हींत राहतेच."

केसरनं नवऱ्याचा हात धरला. "भोकंच पाडा, बाई. यांना चिरलेलं मला बघवनार न्हाय."

धर्माजीनं तिच्याकडं पाहिलं आणि मान डोलावली.

ऑपरेशन चांगलं झालं. तो लवकर चालायला लागला, घरी आला. बघायला येणाऱ्यांना सदरा वर करून भोकांच्या खुणा दाखवायचा. "बस, एवढंच?" लोक म्हणायचे. जाळं शिवत किनाऱ्यावर बसायचा, थोडं थोडं खायचा. एकदा केसरनं ओला बोंबील कुस्करून भरवला. त्यानं डोळे मिटून तो घोळवत खाल्ला, आणि केसर पदरात तोंड लपवून रडली.

पुढं त्याचे डोळे पिवळे पडले. आजार यकृतात उतरला होता. आता कापण्यासारखं काही उरलं नव्हतं. धर्माजी घरीच गेला, केसरच्या मांडीवर.

दहाव्याला त्याचा धाकटा भाऊ भिकू ओटीवर बोलला, "उघडून केलं असतं तर मुळापासून निघालं असतं. वयनीनंच हट्ट धरला."

आत केसरच्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

तिची भाची पूर्वी हिनं डॉक्टरबाईंना फोन लावून दिला. बाई म्हणाल्या, "काढलेल्या भागाच्या कडा साफ होत्या, तिथं आजार उरला नव्हता, केसरताई. उघडून केलं असतं तर हे टळलं असतं, असं म्हणता येत नाही."

"टळलं नसतं, असंबी म्हनता येत न्हाय ना?" केसरनं विचारलं.

आणि तिनं फोन पूर्वीच्या हातात दिला.

खानावळ आता बंद आहे. केसर पेज शिजवते, मला भरून ओठांपर्यंत नेते आणि परत वाटीत ठेवते. "खाली उतरत न्हाय गं," ती पूर्वीला सांगते. पूर्वीनं तिलाही अलिबागला नेऊन तपासलं. नळी मोकळी आहे, कुठं काही नाही.

केसर, डॉक्टरांना जे दिसलं नाही ते मला रोज दिसतं: भिकूचा तो शब्द तुला गिळू देत नाही. माझं बोलणं माणसांना ऐकू गेलं असतं तर भिकूला तिथंच गप्प केलं असतं. तू धर्माजीचं दुखणं कमी व्हावं म्हणून बोललीस, एवढंच. पेज निवतेय. तोंड उघड, बाय. एक घोट गिळ.