लगद्याची महिरप

कौसाबाईने भिजलेल्या कागदाचा आणखी एक गोळा उखळात टाकला आणि मुसळ असं हाणलं, की लगद्याचा शिंतोडा थेट तिच्या कपाळावर उडाला. तिने तो पुसला नाही. मेथ्यांबरोबर मडक्यात मुरलेल्या त्या कागदाला आंबूस-कडवट वास सुटला होता. माघात निवडणूक झाली तेव्हा लोणखेड्यात चावडीपासून तिच्या घरापर्यंत भिंतीभिंतीवर पत्रकं चिकटली होती. ती सगळी तिने खुरप्याने खरवडून आणली होती. उमेदवारांची नावं आणि त्यांनी दिलेली वचनं आता एकाच करड्या चिखलात कुटली जात होती.

दारात तिचा नवरा दोधू उभा होता.

"हळू ना जरा. उखय फुटी जाई."

"फुटू द्या. निदान आवाज ते व्हई. तुम्हना तोंडमाईन तेवढा बी निघत नही."

दोधूने उंबऱ्यावरची माती पायाच्या अंगठ्याने उकरली आणि तो गोठ्याकडे वळला.

आदल्याच आठवड्यात कौसाबाई मोठ्या जाऊबाईंकडे, भिकुबाईंकडे गेली होती. श्रावणातल्या रविवारी कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, कुंकू लावून त्याची देवी करायची, चौरंगावर मांडायची, गाणी म्हणायची आणि सोमवारी सकाळी नदीवर नेऊन पाणी दाखवून परत आणायची. सगळ्या भाऊबंदांची कानबाई एक, आणि ती थोरल्या भावाच्या, भिलाच्या घरी. पण ती सजवायची कौसाबाईनेच. लग्न होऊन आली त्या वर्षापासून चौरंगामागची महिरप, फुलांच्या माळा, देवीचा मुकुट, सगळं तिच्या हातचं. कापसाच्या वाती वळाव्यात तितक्या सहज ती फुलं करी. गावातल्या बायका म्हणत, कानबाई पाहावी तर भिलाच्या घरची. तिचं नाव कोणी घेत नसे आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. देवीला माहीत होतं, तेवढं पुरे होतं.

यंदा चैत्रात दोघे भाऊ वेगळे झाले. चूल वेगळी झाली, गोठ्याच्या मधोमध कूड आला. विहिरीचं वावर दोधूच्या वाट्याला आलं, याचं कौसाबाईला तेव्हा नवलच वाटलं होतं. भिला इतका मोठ्या मनाचा असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

म्हणून ती मोकळ्या मनाने गेली होती. "बाई, चौरंग कवय काढाना? मी घासाले येस," एवढंच तिने विचारलं.

भिकुबाई डाळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"तुम्हनं काय शे आते कानबाई मा? वाटा हुई गयात ना."

ओट्यावर बसलेला भिला तंबाखू मळत राहिला. कौसाबाई परतली. घरी येईपर्यंत तिच्या कानशिलाच्या शिरा ताठ झाल्या होत्या. तिने दोधूला सांगितलं, आत्ताच्या आत्ता जाऊन भावाला विचारा.

"जाऊ दे ना," दोधू म्हणाला. "मोठा शेतस त्या."

"मोठा शेतस म्हनीन देवी ली बसतीन?"

दोधूने खुंटीवरचा दोर घेतला आणि भर उन्हाचा वावरात निघून गेला. तेव्हाच तिने ठरवलं.

"मी मन्ही कानबाई बसाडसू," संध्याकाळी त्याला वाढताना ती म्हणाली.

त्याचा घास हातातच राहिला. "एक भाऊबंदकी मा दोन कानबाया? लोके काय म्हनतीन?"

"म्हनतीन ते मी आयकसू. तुम्ही कान झाकी ल्या."

घरात रोख म्हणावं असं काही नव्हतं. असतं तरी तिने ते खर्चलं नसतं. विकतचं आणून थोरल्या घराशी बरोबरी करायची, याचाच तिला संताप येत होता. मोडक्या टोपलीच्या कामट्या तिने चुलीच्या वाफेवर धरून वाकवल्या आणि त्यांची महिरप बांधली. तिच्यावर लगदा थापला. गव्हाच्या पिठाची खळ केली, बाभळीचा डिंक भिजत घातला. दुकानदाराच्या बायकोकडून चहाच्या रिकाम्या पुड्यांतला चंदेरी कागद मागून आणला आणि नखाने घासून घासून सपाट केला. मक्याच्या कणसांची सालं हळदीत बुडवून त्यांच्या पाकळ्या कातरल्या. कात्रीच्या प्रत्येक कचक्याबरोबर तिच्या ओठांवर एकेक शब्द येई आणि ती तो गिळी. ते शब्द ती कानबाईच्या दिवसासाठी राखून ठेवत होती.

पहिली महिरप श्रावणाच्या दमट हवेत वाळली नाही, वाळली तिथे तडकली. कौसाबाईने ती कामट्यांवरून ओरबाडून काढली, पुन्हा उखळात घातली आणि पुन्हा कुटली. दुसरी तिने चुलीवरच्या शिंक्याला टांगली. धुराने तिच्यावर जुन्या सागासारखा तांबूस रंग चढला. तो रंग पाहून ती पहिल्यांदा थबकली. मुद्दाम केला असता तर जमला नसता असा रंग होता. पण हे सांगायचं कोणाला? दरवर्षी असं काही साधलं की भिकुबाई शेजारी असत. "कौसा, तुन्हा हातले काय शे व माय!" असं म्हणत. ते आठवलं आणि तिला अधिकच चीड आली.

दोधू मात्र या दिवसांत फार मदतीला येऊ लागला. न सांगता कामट्या तासून दिल्या. अंगठा कापून घेतला, तरी हूं की चूं केलं नाही.

"शहादाले रंगीत कागद भेटस. आनू का? चांगला चमकना?"

"इकतनं काहीच नको."

"नही, तुले बरं वाटी म्हनीन..."

"माले बरं वाटाडाले कागद नको. भावाले दोन शब्द बोलतात ते बरं वाटतं."

तो खाली मान घालून तासत राहिला. भावाचा धाक, तिच्या मनात आलं. याने जन्मभर धाकच बाळगला.

रविवारी कानबाई बसली. दिवस कलेपर्यंत कोणीच आलं नाही. थोरल्या घरचा ढोल ऐकू येत होता. मग शेजारची म्हातारी रेवाबाई काठी टेकत आली, महिरपीसमोर बसली. तिने महिरपीला बोट लावून पाहिलं.

"लाकूड शे का हाई?"

"कागद शे, माय."

रेवाबाई उठून गेली ती गल्लीतल्या बायकांना घेऊनच आली. अंगण भरलं. कोणी मुकुटाला हात लावून पाही, कोणी माळेला. आपला राग या गर्दीने निवेल असं कौसाबाईला वाटलं होतं. तसं झालं नाही. प्रत्येक कौतुकागणिक तिच्या डोक्यात एकच येत होतं, थोरली येऊन पाहत का नाही?

सोमवारी सकाळी देव्या गोमाई नदीवर निघाल्या. कौसाबाईने चौरंग डोक्यावर घेतला होता, महिरप तशीच बांधलेली. लेक सुमन आरतीचं ताट घेऊन मागे होती. वाळवंटावर पोचली तेव्हा भिकुबाई आधीच आल्या होत्या. त्यांची कानबाई जुनीच होती, खऱ्या दागिन्यांची, पण मागे नुसतं एक लुगडं ताणलेलं. पुरुष वरच्या दरडीवर बाभळीखाली थांबले होते. दोधू त्यांच्यात होता.

"भेट करा व," रेवाबाईने काठी आपटली. "देव्या बहिनी शेतीस. भांडन तुम्हनं ऱ्हाई, त्यासनं नही."

बायका मागे सरल्या. दोघी जावांनी आपापले चौरंग छातीशी धरले आणि ते एकमेकांना टेकवले. मध्ये दोन नारळ होते, आणि त्यांच्यावरून दोन चेहरे इतके जवळ, की एकीचा श्वास दुसरीला लागत होता. राखून ठेवलेलं सगळं कौसाबाईच्या जिभेवर गोळा झालं.

"देवी कोना एकला बापनी नही व्हस, बाई," ती दातांतून म्हणाली.

"मंग ती ईकी टाकी कसाले?" भिकुबाईंचा आवाज तिच्याहून हलका होता आणि तिच्याहून कडू.

"कोनी ईकी?"

"तू. वाटाना दिन तुन्हा नवरानी पंचस्ना समोर सांगं. 'कौसाले कानबाईनी दगदग नको. देवी तुम्हीच ठेवा, कायमनी. आमले विहीरनं वावर द्या.' एक साल तुम्ही, एक साल आम्ही, असं आमना घरना म्हनी ऱ्हायनात व्हतात. मी दारना आड उभी व्हतू. माले वाटनं, तू येशी, नही म्हनशी."

"मी गावमा नव्हतू. मन्ही माय खाटवर व्हती."

"त्यानी सांगं, तू लाजीसन माहेर गयी."

नदीचं पाणी गढूळ होतं आणि वेगात चाललं होतं. कौसाबाईच्या हातातला चौरंग किंचित कलला. भिकुबाईंनी आपला एक हात सोडून तो सावरला.

कौसाबाईने दरडीकडे पाहिलं. दोधू तिच्याचकडे बघत होता. दोघींचं बोलणं एवढ्या लांबून ऐकू आलं नसणार, पण त्याला कळलं असावं. त्याने टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. तासलेल्या कामट्या, कापलेला अंगठा आणि शहाद्याचा चमकणारा कागद, एवढं सगळं त्या टोपीवाल्या माणसाभोवती येऊन उभं राहिलं. आपण इतके दिवस कोणाला कुटत होतो, असं तिला झालं. लगदा कुटताना येत होता तो राग आता तिला किती लहान वाटला.

ती ओरडली नाही. बायकांनी देव्यांना पाणी दाखवलं, आरती झाली, प्रसाद वाटला. तिने सगळं रीतसर केलं.

बायका परतायला लागल्या. भिकुबाई मात्र वाळूवर बसून राहिल्या होत्या. महिरपीच्या पायथ्याशी कौसाबाईने हिरव्या रंगाने पानांची वेल काढली होती. तिच्यावरून त्यांनी एक बोट फिरवलं, मग बोट उलटून पाहिलं. रंग उतरला नव्हता.

"हाऊ हिरवा कशाना शे, कौसा?"

"वालना पालाना."

"वालना पाला असा टिकस?"

"चाल ना व," दरडीवरून दोधूची हाक आली. "उशीर हुई ऱ्हायना."

कौसाबाईने तिकडे पाहिलं नाही. ती भिकुबाईंच्या शेजारी मांडी घालून बसली आणि तिने महिरप दोघींच्या मध्ये आडवी ठेवली.

"कवळा पाला लेवाना नही," ती म्हणाली. "कवळा पिवळा पडी जास. जुना, जाड पाला लेवाना. धोईसन फडकावर सुकाडाना, उन मा नही, सावली मा."

"सुमन, तुन्ही मायले सांग व, मी थांबेल शे!" दोधूने आता लेकीला हाक मारली.

"मंग पाटावर वाटाना," कौसाबाई सांगत राहिली. "पानी टाकानं नही बरं का, बाई. एक थेंब बी नही."

भिकुबाईंनी मान हलवली आणि पदर सावरून त्या आणखी जवळ सरकल्या. दोधूने तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा कौसाबाई पाल्यात डिंक किती घालायचा ते सांगत होती, आणि तिला मुळीच घाई नव्हती.