दोनच शब्द

मी माईक बोलतोय. तोंडावर टिचक्या मारू नका, फुंकरही घालू नका, थुंकी उडते. येरमाळ्याच्या बंडप्पानं भोंगा आणि मोटारीच्या बॅटरीसकट मला लग्नांना भाड्यानं द्यायला आणलं, आणि माझ्या नशिबी भाषणं करणाऱ्यांची तोंडं आली. शी!

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात आमच्याकडच्या वाशीजवळच्या एका लग्नाला गेलो. नवरी शामला, आईबाप नसलेली. तिला सिद्धम्मा आत्यानं वाढवलेलं. पोरीचं मास्तरणीचं ट्रेनिंग एक वर्ष राहिलं होतं. ते पुरं करू देईन, असा शब्द नवऱ्याचे वडील गुरुसिद्धप्पा यांनी सुपारीच्या दिवशी दिला होता. पण तेव्हापासून विषय काढला की ते पाऊसपाण्याचं बोलत. म्हणून आत्याला चारशे माणसांसमोर, माझ्यातून, त्यांचे आभार मानायचे होते. एकदा आभार घेतले की माणूस मागं कसा फिरणार? लई शहाणी बाई!

भाषणांची यादी अंबादास गुरुजींकडं. यादी कसली, रुसव्याफुगव्यांचं बाड! ह्याचं नाव आधी का, माझं नंतर का, म्हणून सकाळपासून चारदा फाडून लिहिली. आत्याचं नाव तळाला. "बायामाणसाचं काय, शेवटी घेऊ," गुरुजी म्हणाले.

अक्षता पडल्या आणि सुरू झालं. पंगत भाषणांनंतर, कारण जेवल्यावर कोण कुत्रं थांबतंय ऐकायला? जो तो उठे, "मी दोनच शब्द बोलणार आहे" म्हणे आणि माझी मान धरून बसे. मग आण्णासाहेब आले. त्यांना निवडणुकीला उभं राहायचं होतं. रस्ता झाला, विहीर झाली, रझाकारांच्या काळातला स्वतःचा पराक्रम झाला. पाऊण तास! शेवटी नवरीला आशीर्वाद दिला तो "चंद्रप्रभा" म्हणून. चंद्रप्रभा मागच्या आठवड्यातली नवरी, दुसऱ्याच गावची. टाळ्या मात्र पडल्या. कशाला पडल्या, देव जाणे.

बॅटरी उतरलीय, अशा खुणा बंडप्पा कधीचा करत होता. कोण बघतो? भोंगा घोगरला, कुरकुरला आणि बंद पडला.

"राहू द्या आता, आत्या. लोकांच्या पोटात कावळे ओरडायलेत," गुरुजी म्हणाले. संपलं सगळं, असं मला वाटलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

पंगत बसली. पत्रावळी वाढून झाल्या. 'हर हर महादेव'चा पुकारा झाल्याशिवाय कुणी घास उचलत नाही, म्हणून सगळे हात थांबलेले. तेवढ्यात आत्या पंगतीच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"थांबा! पावणं, शामलाचं ट्रेनिंग पुरं करू देतो म्हणालात, लई उपकार झाले. शब्द खरा असंल तर महादेवाचा पुकारा तुमीच करा. मग समदे जेवतील."

सगळी पंगत गुरुसिद्धप्पांकडं बघायला लागली. आण्णासाहेबांचा हात भातावर तसाच.

"करा की पावणं, वरण गार व्हायलंय!" कुणीतरी ओरडलं.

गुरुसिद्धप्पांनी उपरण्यानं घाम पुसला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग हात वर करून म्हणाले, "बोला, पार्वतीपते..."

"हर हर महादेव!" सगळा मंडप गरजला.

पुढं शामला मास्तरीण झाली. रोज येरमाळ्याच्या स्टँडवर उतरून बंडप्पाच्या दुकानापुढनं शाळेला जायची. तिची चप्पल मला ओळखू यायची. आता मी दुकानाच्या माळ्यावर पडलोय, जाळीला गंज चढलाय. जन्मभर हजारो भाषणं मी भोंग्यापर्यंत पोचवली, आणि कामाचं एकच ऐकलं, तेही मी बंद पडल्यावर.

तेव्हा मंडळी, हात जोडून सांगतो, मला पुन्हा लग्नाला नेऊ नका. नेलंतच, तर बॅटरी उतरलेली न्या.