डोंगरावरचं माझं तोंड

पातूरजवळच्या आमच्या डोंगरावर माझं तोंड आहे. तीन मजली घराएवढं, लोखंडी सळ्यांवर सिमेंटचं. अमरावतीचे मूर्तिकार धर्मेंद्र यांना वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचा चेहरा हवा होता, आणि माझ्या सुरकुत्या त्यांना आवडल्या. तोंड कोणीकडे करू, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझ्या वावराकडे. दुसरीकडे कशाला पाहू मी?

त्या वावरात माझी सून सीमा बायांसोबत कापूस वेचते. मोठी बोलकी पोरगी. माझ्या चालण्याची नक्कल करून ती बायांना हसवायची. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मला ते ऐकू यायचं, म्हणून मी खाकरूनच आत जायचो. मग सगळ्यांचे पदर डोक्यावर यायचे. गावच्या सुनाच त्या साऱ्या. मी फार वेळ थांबत नसे.

डोंगरावर तोंड उभं राहिल्यावर यंदा पहिली वेचणी सुरू झाली आणि वावर मुकं झालं. सकाळपासून पदर पुढे ओढलेले, माना खाली. एका दुपारी पदराआड गुदमरून सीमाला घेरी आली, तेव्हा मला उमगलं.

घरी आल्यावर मी म्हटलं, "सिमेंट हाय थे, सीमा. त्याले काय दिसते?"

"मालूम हाय, मामाजी," ती दाराआडून बोलली. "पण तुमी घडीभरानं घरी तं येता. थे कुठी जाते?"

मी अमरावतीला जाऊन धर्मेंद्र यांना त्या तोंडाचे डोळे मिटवायला सांगितलं. त्यांचं म्हणणं, जीव तर डोळ्यांतच आहे. तोंड फिरवायचं विचारलं तर ते हसले. सरपंच पुंजाराम म्हणाले, अकोल्याहून लोक फोटो काढायला येऊन राहिले, अन् तुमाले लाज वाटते, नत्थुजी! शेवटी मीच चादर घेऊन डोंगर चढलो. हनुवटीलाही हात पुरला नाही.

सीमाला म्हटलं, मीच सांगतो, वावरात पदर सोड. तिने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी दुरून पाहिलं, पदर तसाच.

"मी मेल्यावर तरी सोडशीन का?" मी विचारलं.

ती म्हणाली, "मंग तं फोटोच्याही पाया पडा लागते, मामाजी. तवा कसा सोडू?"

माझ्यासमोर पाण्याचा गडवा ठेवून ती पदर सावरत आत गेली.