शेवट नसलेलं पुस्तक सिनेमाला गेलं

मी एक अपुरं पुस्तक आहे, आणि मला त्याचा काडीचाही कमीपणा वाटत नाही. उलट आज मी जरा छाती काढूनच बोलणार आहे. माझ्यावरून निघालेला सिनेमा नुकताच थिएटरात लागला आणि तो मी स्वतः, मऊ खुर्चीत बसून पाहिला. कपाटातल्या किती पुस्तकांच्या नशिबी हे येतं, सांगा बरं!

माझा जन्म छापखान्यातला. तिथे पानांच्या मोठ्या घड्या करतात, त्यांना फर्मे म्हणतात. फर्मे एकावर एक रचायचे, शिवायचे, वर पुठ्ठा चढवायचा, की झालं पुस्तक. मला शिवणाऱ्या दोन बायकांच्या गप्पा त्या दिवशी ऐन रंगात आल्या होत्या. त्या नादात माझा शेवटचा फर्मा टेबलावरच राहिला आणि मी तसाच शिवला गेलो.

माझ्यात साळू नावाच्या साळिंदराच्या पिल्लाची गोष्ट आहे. अंगावर काटे म्हणून तिच्याजवळ कुणी बसत नाही. मग ती जवळ बसवून घेणारं कुणीतरी शोधायला घराबाहेर पडते. डोंगर होतात, नदी होते, एक लबाड मुंगूसही भेटतं. शेवटी ती एका अनोळखी दारापाशी येते. माझं शेवटचं वाक्य असं आहे : ‘साळूनं दार ठोठावलं, आतून कुणीतरी कोण आहे म्हणून विचारलं आणि साळू म्हणाली’. बस. पुढे थेट पुठ्ठा.

पुस्तकाच्या दुकानदारानं मला चाळलं, कपाळावर हात मारला आणि रद्दीत टाकलं. तेवढ्यात शेजारच्या सलूनवाल्याची नजर माझ्या मुखपृष्ठावर गेली. त्यावर लाल मफलर घातलेली साळू आहे. “टाकतोयस कशाला? दे मला. पोरं चित्र बघत तेवढी गप्प बसतील,” तो म्हणाला आणि मला काखोटीला मारून घेऊन गेला.

हेच माझे मालक. सगळी गल्ली त्यांना कात्रीमामा म्हणते.

लहान मुलाचे केस कापणं हे काय काम असतं ते मामांनाच विचारा. खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकायची, तिच्यावर पोराला बसवायचं, गळ्याभोवती कापड बांधायचं. कापड बांधलं रे बांधलं की पोर भोकाड पसरतं. मान इकडे, मान तिकडे, आणि मामांची कात्री अधांतरी. चित्रावर काही पोरं भुलेनात. मग मामांनी मला आरशासमोर उभं केलं आणि मधेमधे स्वतःच पानं उलटत, कापता कापता मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

काय वाचायचे हो मामा! मुंगसाचा आवाज वेगळा, नदीचा वेगळा. साळू संकटात सापडली की कात्री थांबायची. फळीवरचं पोर श्वास रोखून आरशात बघत राहायचं, आणि तेवढ्यात मामा कानामागचे केस साफ करून मोकळे. एका कटिंगला एक प्रकरण, असा नेम होता. पुढचं ऐकायचं तर केस वाढेपर्यंत थांबा! पण थांबतंय कोण? एक आई एकदा तणतणत आली. “अहो मामा, पोराच्या डोक्यावर चार केस तरी शिल्लक ठेवा. याला आठवड्याला कटिंग हवंय!”

माझ्या पानापानांत केस अडकले. पाण्याच्या फवाऱ्यानं अक्षरं फुगली. पावडरचा वास तर आजही अंगाला आहे. कुठल्याही कपाटात मी इतका सुखी झालो नसतो.

आता शेवटाचं काय, असं तुम्ही विचाराल. पहिलं पोर शेवटाला पोचलं तेव्हा मामांनी पान उलटलं आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. पोर फळीवर, वस्तरा मानेवर, आणि साळू दाराबाहेर. मामांनी एकदा पोराच्या डोक्याकडे पाहिलं आणि वाचल्यासारखा चेहरा करून बेधडक पुढचं सांगून टाकलं. त्या दिवसापासून ही सवयच पडली. जसं डोकं, तसा शेवट. जुनं घर सोडून नव्या घरी निघालेल्या मुलासाठी त्या दारामागे साळूचं नवं घर निघालं. मारामारीत मार खाऊन आलेल्यासाठी दारामागे तेच लबाड मुंगूस होतं, आणि त्याची साळूनं अशी काही जिरवली की पोर फळीवर उभं राहून टाळ्या पिटायला लागलं. मी मात्र आरशासमोर निमूट उभा. पुठ्ठ्याकडे बघून माणूस इतकं वाचू शकतो, याचं मला भारी कौतुक वाटायचं.

त्या पोरांमध्ये एक होती झिपरी. डोक्यावर नुसतं जंगल. एके दुपारी आई तिला दंडाला धरून घेऊन आली. “उवांनी वैताग आणलाय मामा, सगळे काढून टाका.” मशीन फिरलं, डोक्याचा चकोट झाला आणि झिपरीनं आरशात पाहून जो टाहो फोडला, तो मी अजून विसरलो नाही. “मी आता शाळेत जाणारच नाही! मला कुणी ओळखणारच नाही!” तिची गोष्ट अर्ध्यावरच होती. पण मामांनी मधली सगळी प्रकरणं सोडली आणि थेट शेवट गाठला. काय सांगितलं ते मी आत्ता सांगत नाही. झिपरी हुंदके देत ऐकत राहिली आणि जाताना स्वतःच्या टकलावरून हात फिरवत गेली, एवढंच सांगतो.

दिवस पालटले. पोरांच्या हातात मोबाइल आले, फळीवर बसल्या बसल्या ती त्यातच मान घालायची. मान आपोआप खाली, म्हणून मामांचं कामही सोपं झालं. मी पावडरच्या डब्यामागे सरकलो. वाईट वाटलं हो. खूप वाईट वाटलं. पण मामा अधूनमधून फडक्यानं मला पुसायचे, तेवढंच.

आणि एक दिवस एक बाई दारातून आत आली आणि म्हणाली, “मामा, ओळखलंत? मी झिपरी.”

केस बारीक, डोळे तेच. ती सिनेमा दिग्दर्शित करते, हे मामांनी ऐकलं होतं. “साळूवर सिनेमा करतेय मी,” ती खुर्चीत टेकत म्हणाली. “तुमच्याकडून ऐकलेलं आठवून पटकथा झाली, सगळं झालं, आणि लेखिकाबाई अडून बसल्यात. म्हणतात, हा शेवट माझा नाहीच. मी म्हटलं, बाई, तुमच्याच पुस्तकात आहे की! मी स्वतःच्या कानांनी ऐकलाय! त्यांना उद्या इथं घेऊन येते. तुम्ही फक्त पुस्तक दाखवा, की मिटलं.”

मामांच्या हातातला कंगवा खाली पडला. तिला कुठला शेवट सांगितला होता, हे त्यांना आठवतही नव्हतं. ती गेल्यावर त्यांनी मला हातात घेतलं. “मेलो रे बाबा! पोरीचा सिनेमा माझ्या थापांवर उभा आहे,” ते म्हणाले आणि मला धुतलेल्या टॉवेलांच्या ढिगाखाली दडवलं.

दुसऱ्या दिवशी लेखिकाबाई आल्या. पांढरे केस, हातात काठी, नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत अशा. खुर्चीत गल्लीतला पोस्टमन अर्धी दाढी करून बसला होता, बाकावर वायरमन नंबर लावून होता. दोघेही याच फळीवर वाढलेले.

“किती सिनेमावाले आले आणि मी परत पाठवले,” बाई झिपरीला म्हणाल्या. “पुस्तकातली साळू ज्याची त्याची असते. तुम्ही तिला एक चेहरा देणार, एक आवाज देणार, मग पोरांच्या डोक्यातल्या सगळ्या साळू मेल्याच म्हणायच्या. त्यात शेवटही बदलता. माझ्या पुस्तकात दार उघडतच नाही. साळू परत फिरते आणि एकटीनं आनंदात राहायला शिकते.”

“काय?” पोस्टमन फेसासकट वळला. “अहो, दार उघडतं आणि आत तिचं नवं घर असतं!”

“कसलं घर?” वायरमन बाकावरून उठला. “आत मुंगूस असतं. साळू त्याला चांगला बुकलते. मला अख्खं पाठ आहे!”

“तुम्ही दोघंही काहीतरी भलतंच सांगताय,” झिपरी ओरडली. “कात्रीमामांनी वाचून दाखवलंय मला! कुठाय पुस्तक?”

मामा टॉवेलांच्या ढिगाला पाठ लावून उभे. झिपरीनंच इकडेतिकडे शोधलं, टॉवेल उपसले आणि मला बाहेर काढलं. तिनं घाईघाईनं शेवटचं पान उघडलं, मोठ्यानं वाचू लागली, आणि ‘साळू म्हणाली’ इथे येऊन थांबली. पुढे पुठ्ठा.

“पानं नव्हतीच गं,” मामा अगदी बारीक आवाजात म्हणाले. “पहिल्यापासून नव्हती. पोरं फळीवर बसलेली असायची. त्यांना दाराबाहेर ताटकळत कसं ठेवायचं? ज्याला जो शेवट हवा, तो मी दिला. बाई, तुमचा गुन्हेगार आहे मी.”

बाईंनी मला हातात घेतलं, पानांतले केस फुंकले. मग एकदम पोस्टमनला विचारलं, “तुमची साळू दिसते कशी?”

“मोठी! वासराएवढी असेल.”

“हट्!” वायरमन म्हणाला. “मुठीत मावेल एवढीशी. निळसर.”

“आणि मफलर कुठल्या रंगाचा?”

“मफलर?” तिघंही एकदम म्हणाले.

बाईंनी मला मिटून मुखपृष्ठ त्यांच्यासमोर धरलं. लाल मफलर घातलेली, ना मोठी ना छोटी, तपकिरी साळू. “हा मफलर घातला म्हणून मी चित्रकाराशी कडाकडा भांडले होते. म्हटलं, आता सगळ्या पोरांना हीच दिसणार. आणि तुम्ही लोक हे चित्र समोर ठेवून केस कापून घेत होतात!” बोलता बोलता बाईंना हसू फुटलं. इतकं हसू फुटलं, की काठी टेकून त्यांना बाकावर बसावं लागलं. “चित्रानं काही बिघडलं नाही, ह्या बाबाच्या थापांनी काही बिघडलं नाही, मग सिनेमानं काय डोंबल बिघडणार आहे! कर पोरी, तुझा सिनेमा कर. तुझ्याच शेवटासकट कर.”

झिपरीनं त्यांना मिठीच मारली. पोस्टमनच्या गालावरचा फेस वाळून गेला होता, त्याला शुद्धच नव्हती.

“पण एक अट आहे,” बाई काठी मामांवर रोखत म्हणाल्या. “ह्यांना शेवट सांगायचा नाही. जन्मभर लोकांना शेवट सांगत आले. आता बसू देत थिएटरात, आणि बघू देत जीव मुठीत धरून.”

झिपरीनं अट पाळली. मामांनी फोनवर किती खोदून विचारलं! ताकास तूर लागू दिली नाही तिनं.

सिनेमा लागला त्या दिवशी मामांनी सलूनला कुलूप घातलं, इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला कापडी पिशवीतून घेऊन गेले. एका बाजूला झिपरी, दुसऱ्या बाजूला बाई, मधे मामा आणि त्यांच्या मांडीवर मी. मामांनी मला पिशवीतून मुद्दाम बाहेर काढलं होतं. मागे अख्खं थिएटर पोरांनी गजबजलेलं.

पडद्यावर साळू आली. माझ्या मुखपृष्ठावरच्या साळूसारखी मुळीच नव्हती, तरी मी तिला पाहताक्षणी ओळखलं. डोंगर झाले, नदी झाली. मुंगूस आलं तेव्हा पोरांनी असा काही आरडाओरडा केला, की मला सलूनचे दिवस आठवले. मग वादळात साळूचे काटे एकेक करून गळून गेले. उघडीबोडकी साळू थंडीत कुडकुडत त्या दारापाशी आली. मामांची बोटं माझ्या पुठ्ठ्यात रुतली.

“कोण उघडणार गं दार?” ते झिपरीच्या कानात कुजबुजले.

“बघा की गप्प,” झिपरी म्हणाली.

साळूनं दार ठोठावलं. आतून कुणीतरी विचारलं, कोण आहे? साळू म्हणाली, “साळू. पण आता माझे काटे गेलेत. तुम्ही मला ओळखणार नाही.” दार धाडकन उघडलं. दारात डोंगरावर भेटलेली एक म्हातारी खार, हातात पळी. “अगं, किती उशीर! ताटं कधीची मांडलीत, जेवण निवून गेलं. काटे गेले तर गेले, तुझा आवाज कुठे गेलाय? ये आत.” आत ताटांवर बसलेले सगळे सरकून बसले, साळू मधे बसली. काट्यांचं पुन्हा कुणी नावही काढलं नाही. जेवण झाल्यावर खारीनं फक्त एवढंच विचारलं, “डोक्याला गार लागतंय का गं?” आणि स्वतःची टोपी तिच्या डोक्यावर घातली. सकाळी टोपीखाली एक कोवळा काटा उगवलेला होता.

दिवे लागले. टाळ्या थांबेनात. मामांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचंही भान त्यांना नव्हतं.

“काय शेवट आहे गं!” ते म्हणाले. “कुणी लिहिला?”

“तुम्ही,” झिपरी म्हणाली. “माझं डोकं भादरलंत ना, त्या दिवशी.”

“मी? छे! मला कुठलं एवढं चांगलं सुचायला!”

“माझ्यापेक्षा बरा आहे,” पलीकडून बाई नाक ओढत म्हणाल्या. “पण हे बाहेर बोलायचं नाही.”

झिपरीनं मामांना हाताला धरून उभं केलं आणि थिएटरातल्या लोकांना सांगितलं, हे कात्रीमामा. मग काय विचारता! गल्लीतले ते सगळे जुने फळीवाले, आता पोटं सुटलेले, डोक्यावरचे केस उडालेले, आपापल्या पोरांना खांद्यावर घेऊन उभे राहिले. मामांनी मला दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं. माझी पानं फडफडली, त्यातले जुने केस खाली उडाले, आणि त्या क्षणी माझ्यासारखं पुस्तक सगळ्या दुनियेत नव्हतं. हे मी फुशारकीनंच सांगतोय.

आता मी पुन्हा आरशासमोर असतो. बाईंनी त्यांच्या सहीचं एक पूर्ण पुस्तक पाठवलंय, ते माझ्या शेजारी उभं आहे. गुणी आहे बिचारं, आमचं छान जमतं. सिनेमाला घाबरू नका, एवढंच माझं तुम्हा मोठ्या माणसांना सांगणं. पोरांना तो जरूर दाखवा. फक्त घरी आल्यावर पुस्तकही उघडा, आणि मोठ्यानं वाचा. अडलात तर बिनधास्त मनचं सांगा, पोरं माफ करतात.

आज सकाळी एक मुलगी आली. तिनं सिनेमा इतक्यांदा पाहिलाय, की खारीचं बोलणं तिला पाठ आहे. मामांनी फळी टाकली, कापड बांधलं, आणि हसत विचारलं, “तुला तर शेवट ठाऊक आहे. मग मी काय वाचू?”

“तो झिपरीचा होता,” ती म्हणाली. “माझा वाचा.”

मामांनी चष्मा पुसला आणि तिच्या डोक्याकडे नीट निरखून पाहिलं. येतो मी, कामावर हजर व्हायचंय.