चिपाडावरचं पाणी

बहात्तरच्या दुष्काळात आटलेली गावची विहीर पुढं कधी नीट भरलीच नाही. म्हणून शेजारच्या नव्या साखर कारखान्यानं पाण्यासाठी वीज द्यायचं कबूल केलं, तेव्हा गावानं डफडं वाजवलं. उसाचं चिपाड जाळून कारखाना स्वतःपुरती वीज करायचा. त्या वर्षी चिपाड पुष्कळ उरलं. गाळप संपल्यावर ते जाळून लहान बॉयलर चालू ठेवायचा आणि त्या विजेवर नदीकाठच्या खोल बोअरवरचा पंप चालवायचा, असं ठरलं. पहिल्यांदाच बौद्धवाड्यात नळ आला.

चिपाडाच्या ढिगावर कामाला वाड्यातलाच देवमन होता. आतून बुरसटलेलं चिपाड उकरलं की पांढुरका धुरळा उठायचा. चैत्रात त्याला खोकला लागला, संध्याकाळी ताप भरू लागला. बायको भागिरथा त्याला रिसोडला घेऊन गेली.

"धूळ छातीत बसली आहे," डॉक्टर म्हणाले. "हे काम सोडा."

देवमननं काम सोडलं. दुसरा गडी तिथं टिकेना. बॉयलर विझला, नळ कोरडा पडला. बाया पुन्हा कोरड्या नदीत उकरलेल्या झिऱ्यावर वाट्यांनी पाणी भरू लागल्या.

एका सकाळी शेजारचे उकंडराव आले.

"देवमन, सुनेचे दिवस भरत आले. तिले झिऱ्यावर धाडवत नाही. पाऊस पडेपावतर ढिगावर जा ना बाप्पा."

"मंग तुमीच जा ना ढिगावर," भागिरथा म्हणाली.

"गेलतो, बाई. अर्धा दिस नाही टिकलो." त्यांनी मान खाली घातली.

ते गेल्यावर देवमननं फावडं उचललं.

"काहून जाता? डॉक्टरनं काय सांगतलं?"

"पानी तं तुह्याही घागरीत येते," तो म्हणाला.

तिनं त्याच्या तोंडाला ओलं फडकं बांधलं आणि स्वतःही मागोमाग गेली. धूळ दबावी म्हणून ढिगावर पाणी शिंपडू लागली. बॉयलरवरच्या माणसानं तिचा हात थांबवला.

"ओलं चिपाड जळत नाही, बाई. आधीच आग धरत नाही."

ती रिकामी बादली घेऊन बाजूला उभी राहिली. देवमन वाकून उकरत होता. धुरळ्यात त्याचं फक्त फडकं दिसत होतं.

नळ पुन्हा वाहू लागला. उकंडरावांच्या सुनेला मुलगी झाली. देवमनला मात्र आडवं पडणं जमेना. तो भिंतीला टेकून बसूनच झोपायचा, आणि सकाळी कामावर जायचा. मृगाच्या तोंडावर तो गेला. त्याला शेवटची आंघोळ घातली तीही नळाच्याच पाण्यानं. वाड्यानं त्रिशरण म्हटलं आणि त्याला नेलं.

दुसऱ्या दिवशी भागिरथा नळावर गेली, तेव्हा बायांनी आपापल्या घागरी मागं सरकवून तिला पुढं जागा करून दिली. तिला ते पाणी नको होतं. पण घरात घोटभरही उरलं नव्हतं. तिनं घागर नळाखाली लावली आणि ती भरेपर्यंत तिथंच खाली बसून राहिली.